खार, काच आणि आर्गॉन

लोणारच्या विवराचं वय अवघ्या चौदा वर्षांत दहापटीहून जास्त वाढलं. 1997 साली ते 52 हजार वर्षं भरलं होतं, 2011 साली 5 लाख 70 हजार भरलं. विवर तेच, तळ्याकाठचं कमळजादेवीचं देऊळ तेच, खाली साचलेलं खारं पाणीही तेच. बदललं ते वय काढायचं साधन. हे नवं साधन ज्या गोष्टीवर उभं आहे, ती आवर्तसारणीच्या दोन शेजारच्या चौकटींत छापलेली असते आणि नजर तिच्यावरून सहज घसरून पुढे जाते. अठरावा आर्गॉन, अणुवस्तुमान 39.95. एकोणिसावा पोटॅशियम, अणुवस्तुमान 39.10. आधीचा जड, नंतरचा हलका. सारणीत असं सहसा होत नाही. इथे का झालं याचं उत्तर दगडात दडलेलं आहे, आणि लोणारच्या वयाचं उत्तरही त्याच जागी आहे. तिथवर पोचायला रसायनशास्त्राला सव्वाशे-दीडशे वर्षं लागली. लोणारच्या लोकांनी मात्र मूलद्रव्य हा शब्द कानावर पडण्याआधीच त्यातल्या एकावर शेकडो वर्षं पोट भरलं होतं. सुरुवात त्यांच्यापासूनच केलेली बरी.

देऊळगाव राजाहून निघालं की सिंदखेड राजा, किनगाव राजा, दुसरबीड, बीबी करत लोणारला जाता येतं. बालाजीच्या गावातून जिजाऊंच्या माहेरी आणि तिथून दैत्यसूदनाच्या पायाशी. सगळी वाट काळ्या मातीतून जाते. त्या मातीखालचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा. या पसरट माळावर लोणार गावाला खेटून जमीन एकाएकी खचते. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा आणि दीडशे मीटर खोलीचा जवळजवळ गोल खड्डा, आत बाभळीचं रान, बुडाशी हिरवट पाणी. काठावर धारेचं पाणी गोमुखातून पडतं, ते गोड. तेच खाली तळ्याला मिळालं की पिण्याच्या कामाचं राहत नाही. पुराणाने याचा उलगडा लवणासुराच्या कथेने केला: विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात त्याला मारलं आणि त्याच्या बिळाच्या जागी हे तळं उरलं. कथा रचणाऱ्याने खार नीट चाखलेला होता, एवढं मानायला हरकत नाही.

अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे. मेहकरच्या भागातलं लोणार हे त्यात फार प्राचीन क्षेत्र म्हणून येतं. ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, असंही तो सांगतो. लगेच त्याची नजर महसुलाकडे वळते. डोंगरांनी वेढलेल्या या तळ्यात काच आणि साबण करायचा माल मिळतो, तिथल्या क्षारातून सरकारला बरी रक्कम येते, अशी त्याची नोंद आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिल्ली-आग्र्याच्या दफ्तरात लोणारची ओळख तीर्थ आणि कारखान्याचा कच्चा माल अशी दुहेरी होती.

हा माल निघायचा उन्हाळ्यात. पाणी आटत काठापासून मागे सरकलं की चिखलावर पांढऱ्या-करड्या खपल्या धरत. मजूर कमरेइतक्या घाण वासाच्या पाण्यात उतरून बुडाचे खडेही काढत. या खाराला एक नाव नव्हतं. इंग्रजी अमलातल्या नोंदींत डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी प्रतवारी सापडते. घट्ट खडा निराळा, वरची पातळ पापडी निराळी, भुकटी निराळी, आणि प्रत्येकीचा उपयोग व भाव वेगळा. आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत हा सगळा सोडियमच्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा आणि साध्या मिठाचा कमी-अधिक मिसळा. आपल्या डब्यातला पापडखार याच कुळातला. त्याची चिमूट गॅसच्या निळ्या ज्योतीवर सोडली तर ज्योत क्षणात पिवळीधमक होते. मिठाची चिमूटही हेच करते. कोणत्याही रूपात असला तरी सोडियम या पिवळ्या रंगावरून ओळखू येतो.

पण हा सोडियम प्रत्यक्ष पाहिलेला माणूस 1807 पर्यंत जगात नव्हता. 1789 साली लाव्हाझिएने पॅरिसमध्ये ज्यांचं आणखी विघटन होत नाही अशा 33 पदार्थांची यादी केली. त्यातून त्याने सोडा आणि पोटॅश मुद्दाम वगळले. फोडता आले नव्हते तरी ते संयुगंच असावीत असा त्याला संशय होता. हा संशय म्हणजे त्याच्या बुद्धीचा खरा मासला, कारण त्याच यादीत प्रकाश आणि उष्णता मात्र त्याने बसवल्या होत्या! पाच वर्षांनी क्रांतीच्या गिलोटिनने त्याचं डोकं उडवलं. संशय खरा ठरवला लंडनच्या हम्फ्री डेव्हीने. 1807 च्या ऑक्टोबरात त्याने व्होल्टाच्या मोठ्या बॅटरीचा प्रवाह वितळलेल्या पोटॅशमधून सोडला, तेव्हा पाऱ्यासारखे चकचकीत थेंब वर येऊन भडकन पेटले. डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला, असं त्याच्या मदतीला असलेल्या चुलतभावाने नोंदवलंय. हे पोटॅशियम. काही दिवसांनी तोच प्रयोग सोड्यावर करून त्याने सोडियम मिळवला. लाकडाच्या राखेतला एक आणि लोणारच्या चिखलात असतो तसल्या खारातला दुसरा, असे हे दोन भाऊबंद धातू एकाच पंधरवड्यात जगापुढे आले.

दोघांचे स्वभाव इतके जुळतात की अणूची रचना माहीत नसतानाही त्यांना एका कुळात घालणं कुणालाही सुचलं असतं. आज त्याचं कारण शाळेतली मुलंही सांगतात. सोडियमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन, आणि बाहेर 11 इलेक्ट्रॉन 2, 8, 1 असे कवचांत बसलेले. पोटॅशियमचे 19, तेही 2, 8, 8, 1 असे. दोघांच्याही शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, आणि तो टाकून मोकळं व्हायची दोघांनाही घाई. लोणारच्या पाण्यातल्या प्रत्येक सोडियमने तो कधीच टाकलेला आहे, म्हणून तर तो पाण्यात असूनही पेटत नाही. ज्योतीचा पिवळा रंगही याच एकट्या इलेक्ट्रॉनचा: आचेने तो वरच्या पातळीवर जातो आणि परत येताना नेमक्या त्या रंगाचा प्रकाश टाकतो. वर्णपटात त्याच्या दोन जवळजवळ चिकटलेल्या रेषा दिसतात.

इथे थोडं आडवाटेला जाऊन एक गैरसमज निस्तरतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या अंगाने गेली. पटवर्धनांच्या जमखिंडीत लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण लावून बसले होते, पूर्वेला गुंटूरला फ्रेंच ज्यूल्स यान्सेन. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा दिसली आणि पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना ती सोडियमचीच वाटली. ती होती किंचित बाजूला. नॉर्मन लॉकयरने त्या साली इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, ती रेषा तपासून पाहिली आणि पुढे ती हेलियम नावाच्या नव्या मूलद्रव्याची ठरली. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून हेलियमचा शोध इथे 1868 साली लागला असं सांगतात. लॉकयर विजयदुर्गाला आले खरे, पण ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, आणि तोवर हेलियम लंडनच्या एका प्रयोगशाळेत नळीत भरून ठेवलेला होता. किल्ल्याचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. तारीख मात्र नीट असावी.

1868 च्या त्या ग्रहणाला सात महिने होतात तोच, मार्च 1869 मध्ये सेंट पीटर्सबर्गला मेंडेलिव्हची सारणी मांडली गेली. तेव्हा 63 मूलद्रव्यं ठाऊक होती. ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावली की ठरावीक अंतराने तेच गुणधर्म फिरून येतात, हे त्याने दाखवलं. जिथे कुणी बसत नव्हतं तिथे जागा मोकळ्या ठेवल्या आणि येणाऱ्यांची वर्णनं आधीच लिहून ठेवली. गॅलियम 1875 ला, स्कँडियम 1879 ला, जर्मेनियम 1886 ला आलं आणि आपापल्या जागी जाऊन बसलं. एवढी भाकितं खरी ठरल्यावर मेंडेलिव्हला आपल्या क्रमाचा अभिमान वाटला तर नवल नाही. त्याच्या क्रमाला धक्का दिला तो कुणाशीच संयोग न पावणाऱ्या एका आळशी वायूने.

लॉर्ड रॅले हा माणूस वजनं घेण्याच्या बाबतीत चिकट म्हणावा इतका नेमका होता. 1892 मध्ये त्याच्या लक्षात आलं की हवेतून काढलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांतून काढलेला नायट्रोजन यांची वजनं जुळत नाहीत. लिटरमागे एकाचं 1.257 ग्रॅम, दुसऱ्याचं 1.250. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसरा कुणी असता तर त्याने उपकरणाला बोल लावून पुढचं काम घेतलं असतं. रॅलेने 'नेचर'मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना कारण विचारलं. विल्यम रॅम्झी त्याला येऊन मिळाला. दोघांनी जुनी टिपणं चाळली तेव्हा 1785 सालचा कॅव्हेंडिशचा एक प्रयोग सापडला. हवेतल्या नायट्रोजनमधून विजेच्या ठिणग्या पाडून तो सगळा शोषून घेतल्यावर शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरतो, मूळ नायट्रोजनच्या 120 व्या भागाहून मोठा नाही, असं कॅव्हेंडिशने लिहून ठेवलं होतं. शंभराहून जास्त वर्षं तो बुडबुडा कागदावर पडून राहिला. 1894 च्या ऑगस्टमध्ये त्याला नाव मिळालं: आर्गॉन. आपण प्रत्येक श्वासाबरोबर जवळजवळ एक टक्का आर्गॉन आत घेतो आणि तसाच बाहेर टाकतो.

त्याचं अणुवस्तुमान निघालं जवळजवळ 40. म्हणजे वजनाने पाहावं तर तो पोटॅशियम आणि कॅल्शियम यांच्यामध्ये यायला हवा, आणि तिथे तर जागाच नव्हती. पोटॅशियम हलवून आर्गॉनला त्याच्या घरात ठेवायचं, तर सोडियमचा हा सख्खा भाऊ निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसणार. मेंडेलिव्हला हे पटेना. हे नवं मूलद्रव्य नसून नायट्रोजनचे तीन अणू जोडून झालेला रेणू असावा, असं तो म्हणाला. ज्याने रिकाम्या जागा सोडायचं धाडस केलं होतं, त्यालाच पूर्ण नवा स्तंभ उघडायचा धीर होईना! रॅम्झीने तो उघडला. 1895 च्या मार्चमध्ये त्याने क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळवला, 1898 मध्ये निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधले. राजवायूंचं अख्खं कूळ सारणीच्या उजव्या काठाला बसलं. आर्गॉनला पोटॅशियमच्या आधीच बसवलं गेलं, वजन उलटं असूनही. का, याचं कारण कुणाकडे नव्हतं. गुणधर्म जुळतात, एवढाच काय तो आधार.

याच सुमारास लोणारलाही एक घोटाळा चालू होता, फक्त त्याची गाठ याच्याशी पडायला अजून शतक जायचं होतं. 1823 साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी लोणार पाहून गेला होता आणि पुढच्या बहुतेक पाहणाऱ्यांप्रमाणे त्यालाही ही ज्वालामुखीची किमया वाटली. आजूबाजूला शेकडो मैल लाव्हाच पसरलेला, तेव्हा गोल खड्डा दिसला की ज्वालामुखीचं तोंड आठवणारच. 1896 मध्ये अमेरिकेचा भूवैज्ञानिक गिल्बर्ट अॅरिझोनातल्या एका तसल्याच खड्ड्याचा उगम शोधत होता. त्याने जोडीला लोणारचं उदाहरण घेतलं आणि शेवटी जमिनीखालच्या वाफेचा स्फोट हा निष्कर्ष काढला. आज दोन्ही विवरं आकाशातून पडलेल्या अशनीची म्हणून ओळखली जातात. एका चुकीच्या निदानाला दुसऱ्या रोग्याचा दाखला द्यावा तसं झालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला तूश आणि ख्रिस्ती यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोणारचा कसून अभ्यास केला, क्षारांची विश्लेषणं केली, पण उगमाचा प्रश्न ज्वालामुखीच्याच वाटेने गेला.

खाराचं कोडं त्यामानाने सरळ निघालं. बेसॉल्टमधलं प्लॅजिओक्लेज हे खनिज म्हणजे सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या जाळ्यात अडकलेले सोडियम आणि कॅल्शियमचे अणू. पावसापाण्याने दगड झिजला की ते सुटून झऱ्यांबरोबर तळ्यात येतात. तळ्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जातं, कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, सोडियम मागे राहतो आणि वर्षानुवर्षं साठत जातो. लवणासुराला मारण्याची गरज नव्हती; पाण्याला बाहेर पडायला जागा नसली की पुरे. विहिरीच्या गोड पाण्यातही तोच सोडियम असतो, फक्त थोडा.

आता पुन्हा आर्गॉनकडे. 1911 मध्ये रदरफोर्डने अणूच्या मधलं केंद्रक दाखवलं. 1913 मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेत घडलेला, पंचविशीतला हेन्री मोस्ली एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून बाहेर पडणारे क्ष-किरण मोजू लागला. त्याला आढळलं की एका मूलद्रव्यापासून पुढच्यावर गेलं की किरणांच्या कंप्रतेचं वर्गमूळ एकेका ठरावीक पायरीने चढतं. वजन कधी पुढे पळतं, कधी मागे पडतं, पण ही पायरी चुकत नाही. ती केंद्रकातल्या धन प्रभाराची होती. वर्गातल्या पोरांना उंचीप्रमाणे उभं केलेलं असावं, एक-दोन जागी गडबड दिसत राहावी, आणि कुणीतरी हजेरीपट उघडून दाखवावा की हे तर क्रमांकानेच उभे आहेत, तसं ते झालं. आर्गॉन 18, पोटॅशियम 19. क्रम बरोबरच होता, मोजपट्टी चुकीची होती. मोस्ली महायुद्धात गेला. 10 ऑगस्ट 1915 ला गॅलिपोलीला गोळी लागून तो ठार झाला तेव्हा त्याचं वय 27 होतं. त्याच्या जाण्याने विज्ञानाचं जेवढं नुकसान झालं तेवढं त्या युद्धातल्या दुसऱ्या एखाद्या गोळीने क्वचितच केलं असेल.

क्रमांक कळला, तरी आर्गॉन एवढा जड का हे राहिलंच. त्याच 1913 साली सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली: प्रोटॉन सारखे, म्हणून घर तेच, पण वजन वेगळं. 1932 ला चॅडविकला न्यूट्रॉन सापडल्यावर वजनातल्या या फरकाचं कारणही हाती आलं. आर्गॉनचे तीन टिकाऊ समस्थानिक आहेत: 36, 38 आणि 40. सूर्यात आणि ताऱ्यांत 36 चंच प्राबल्य. पृथ्वीच्या हवेत मात्र 99.6 टक्के आर्गॉन 40 चा. हवेत असतो तो आर्गॉन ताऱ्यांतल्यासारखा असता, तर त्याचं वजन 36 च्या जवळपास भरलं असतं, तो गुपचूप पोटॅशियमच्या आधी बसला असता आणि मेंडेलिव्हच्या कपाळाला आठी पडली नसती. मग हा जादा आर्गॉन-40 आला कुठून?

1937 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाइत्सेकरने सुचवलं की तो पोटॅशियममधून आला असेल. 1948 मध्ये अमेरिकेत ऑल्ड्रिच आणि नीअर यांनी जुन्या पोटॅशियमयुक्त खनिजांत अडकलेला आर्गॉन-40 मोजून ते सिद्ध केलं. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखाद-दुसरा अणू 40 वजनाचा असतो: 19 प्रोटॉन, 21 न्यूट्रॉन. तो अस्थिर. त्याचं अर्धायुष्य 125 कोटी वर्षं. दहातले जवळजवळ नऊ अणू कॅल्शियम होतात. उरलेला एक वेगळीच वाट धरतो: त्याचं केंद्रक स्वतःच्याच आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन गिळतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, 19 चे 18 उरतात आणि अणू सारणीत एक घर मागे सरकतो. वजन 40 च राहतं. पृथ्वीच्या साडेचारशे कोटी वर्षांत खडकांतल्या पोटॅशियमने असा थेंबाथेंबाने हवेतला बहुतेक सगळा आर्गॉन तयार केला आणि तो ज्वालामुखींतून, झिजलेल्या दगडांतून बाहेर आला. रॅलेने तोलला तो वायू मुळात पोटॅशियमच होता. शेजाऱ्यापेक्षा जड का, तर शेजाऱ्याचाच जड अंश त्याच्या घरी येऊन राहिलेला.

यातून घड्याळ निघालं. दगड वितळला की आतला आर्गॉन उडून जातो, कारण त्याला कुणाशी बांधून घेता येत नाही. दगड थिजला की पोटॅशियम-40 पुन्हा आर्गॉन बनवू लागतो आणि तो स्फटिकात अडकतो. किती पोटॅशियम, किती आर्गॉन हे मोजा, वय निघतं. पुढे यात एक सुधारणा झाली. दगडाचा तुकडा आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायचा. त्याने साध्या पोटॅशियम-39 चा एक वाटा आर्गॉन-39 होतो. निसर्ग 40 बाबत करतो तेच माणूस 39 बाबत करतो. मग दोन्ही आर्गॉन एकाच यंत्रावर, एकाच बारीक कणातून, टप्प्याटप्प्याने तापवत मोजता येतात.

लोणारला असं घड्याळ लावायचं तर वितळलेला दगड हवा, आणि तो आहे की नाही हा प्रश्न 1970 च्या दशकात सुटला. 1964 मध्ये डीट्झ आणि लाफाँड यांनी हे अशनीविवर असावं असं लिहिलं होतं. 1972 मध्ये व्ही. के. नायक यांनी तिथल्या काचेच्या कणांकडे लक्ष वेधलं. 1973 साली फ्रेड्रिक्सन, डुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला. तळ्याच्या बुडात घेतलेल्या विंधनविवरांतून गाळाखालचा चुरडलेला बेसॉल्ट वर आला होता. काठाबाहेर उडालेल्या राडारोड्यात काळ्या काचेचे थेंब आणि मणी होते. आणि प्लॅजिओक्लेज स्फटिक ठिकठिकाणी जागच्या जागी काच झालेले होते, न वितळता, निव्वळ धक्क्याने. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीला एवढा दाब आणता येत नाही. वाद मिटला: आकाशातून आलेला दगड बेसॉल्टवर आदळला होता.

वयाचा वाद मात्र नंतर पेटला. 1997 मध्ये सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांनी तापदीप्तीच्या पद्धतीने 52 हजार वर्षं, सहा हजार इकडे-तिकडे, असं वय काढलं. भोवतालच्या किरणोत्सर्गाने स्फटिकांत इलेक्ट्रॉन अडकून बसतात. तापवलं की ते सुटताना प्रकाश देतात. जितका प्रकाश तितकं वय. पुस्तिकांत, परीक्षेच्या टिपणांत आणि वाटाड्यांच्या तोंडी हाच आकडा रुळला. अडचण अशी की फेल्डस्पारसारख्या खनिजांत हे अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात, आणि गळती झाली की वय कमी भरतं.

2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाचे फ्रेड जूर्दां आणि सहकारी यांनी लोणारच्या काचेला आर्गॉनचं घड्याळ लावलं. काम किती नाजूक होतं हे थोड्या हिशेबाने कळेल. 5 लाख 70 हजार वर्षांत एक लाख पोटॅशियम-40 अणूंपैकी जेमतेम तीन-चार आर्गॉन होतात. त्यात लोणारच्या बेसॉल्टमध्ये मुळात पोटॅशियमच थोडं. पण खरी मेख जुन्या आर्गॉनची आहे. आदळण्याआधी तो बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षं पडून होता, त्यात एका लाखामागे चारशेच्या आसपास आर्गॉन आधीच साठलेला. वितळताना त्यातला शंभरातला एक भाग जरी काचेत अडकून राहिला, तर वय जवळजवळ दुप्पट भरेल. म्हणून ते कण टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याला आर्गॉन-36 शी प्रमाण तपासलं आणि अडकलेला जुना वायू हिशेबातून वेगळा काढला. उत्तर आलं 5 लाख 70 हजार, अधिक-उणे 47 हजार. तापदीप्तीचं सगळंच्या सगळं वय या अधिक-उण्याच्या पट्ट्यात मावून वर जागा उरते, यावरून दोन उत्तरांतली दरी ध्यानात यावी.

बेसॉल्टमधली अशनीविवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि चंद्राचे काळे भाग व मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचा. म्हणून लोणारच्या काचेला परदेशातल्या प्रयोगशाळांत मागणी असते. मॅस्केलिनाइट जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही एका भारतीय दगडात. 25 ऑगस्ट 1865 ला बिहारात गयेजवळच्या शेरघाटीला एक उल्का पडली. 1872 मध्ये व्हिएन्नाच्या चेर्माकने तिच्यातल्या या काचेचं वर्णन केलं. दगड कुठून आला असेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. 1976 मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची हवा मोजली आणि तिथे आर्गॉन-40 चं 36 शी प्रमाण पृथ्वीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. 1983 मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या, शेरघाटीच्याच जातीच्या एका उल्केच्या काचेत कोंडलेला वायू बोगार्ड आणि जॉन्सन यांनी मोजला. तो मंगळाच्या हवेशी जुळला. त्यावरून त्या जातीच्या सगळ्याच उल्कांचं गाव मंगळ ठरलं, त्यात शेरघाटीचा दगडही आला.